दिवाळीची भेट वनौषधींच्या नावे

आश्विन वद्य त्रयोदशी जवळ आली, की वैद्यांच्या चिकित्सालयांत भेटवस्तूंची ये-जा सुरू होते. औषधनिर्मात्यांचे प्रतिनिधी सुक्या मेव्याचे डबे आणि घड्याळे घेऊन येतात. आपणही स्नेही वैद्यांकडे व औषध विक्रेत्यांकडे मिठाई धाडतो. यांतील कित्येक डबे न उघडताच पुढच्या घरी रवाना होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. या प्रथेमागील स्नेह आम्हांस मान्यच आहे. परंतु तिच्यावर होणाऱ्या खर्चातील काही वाटा वनौषधींच्या संवर्धनासाठी, ज्याला भेट द्यावयाची त्याच्या नावे, देणगीरूपाने द्यावा, असे आमचे मत आहे.

ही सूचना अन्य व्यावसायिकांनाही करता येईल. वैद्यांना मात्र ती विशेषत्वाने लागू पडते. शासनाने २०२५ पासून आयुर्वेद दिन २३ सप्टेंबर असा निश्चित केला असला, तरी आपले धन्वंतरीपूजन धनत्रयोदशीलाच होते. हा काळ शरद ऋतूचा. चरकसंहितेच्या कल्पस्थानात साल, कंद व क्षीर यांच्या संग्रहासाठी हाच ऋतू सांगितला आहे. म्हणजे आपण धणे-गुळाचा नैवेद्य दाखवीत असतो, त्याच दिवसांत आपल्यासाठी कोठे तरी वृक्षांची साल निघत असते. संहितेने ऋतूचे बंधन घातले, त्या काळी अरण्य विपुल होते. आज ऋतू पाळूनही वृक्ष वाचेलच, असे म्हणता येत नाही.

नित्य वापरातील द्रव्येच पाहा. योगराज, कांचनार, त्रयोदशांग असे गुग्गुळाचे कल्प न लिहिणारा वैद्य विरळा. राजस्थान-गुजरातच्या शुष्क प्रदेशातील हे झुडूप अतिसंकटग्रस्त ठरले आहे. अधिक निर्यास मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या, की ते वाळून मरते. जटामांसी व कुटकी यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ करारान्वये नियंत्रण आहे. बृहत्पंचमुळासाठी तर बेल, शिवण, टेटू, पाडळ व ऐरण या पाच वृक्षांची मुळे लागतात, आणि मूळ काढलेला वृक्ष पुन्हा उभा राहत नाही.

अशोकाची कथा याहून बोलकी आहे. खरा अशोक सह्याद्रीच्या ओलसर दऱ्यांतून दुर्मीळ होत चालला असून बाजारात त्याच्या सालीत शहरी इमारतींभोवती लावलेल्या उंच, सरळ खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. रक्तप्रदराने क्षीण झालेली रुग्णा विश्वासाने अशोकारिष्ट घेते. गुण न आल्यास ती दोष वैद्याला आणि अखेरीस शास्त्राला देते. वनस्पतीचा ऱ्हास हा केवळ पर्यावरणाचा विषय नाही, तो चिकित्सेच्या यशापयशाचा आहे.

‘निसर्गातली वस्तू’ भेट दिली म्हणजे निसर्गाची सेवा झाली, असेही नाही. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने लुटताना फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपटा न मिळाल्यास कांचनावर संक्रांत येते. संहितांतील अश्मंतक तो हाच. एक पान हाती देऊन, त्याच्या जोडीला आपट्याच्या रोपांसाठी दिलेल्या देणगीची पावती दिली, तर परंपरा राहील आणि वृक्षही राहील.

यावर आक्षेप घेतला जातो, की दुसऱ्याच्या नावे देणगी देणे म्हणजे त्याची भेट काढून घेऊन पुण्य स्वतःच्या पदरी घालणे. आक्षेप निराधार नाही. म्हणूनच अशी भेट समानशीलांत, एकमेकांस पूर्वकल्पना देऊन आरंभावी. पावतीसोबत कोणती वनस्पती, कोणते स्थान, काय काम, हे दोन ओळींत हस्ताक्षरात लिहावे. ज्याला आपल्या नावे कोठे काय रुजले हे कळते, त्याला ती भेट आपली वाटते.

एक मर्यादा मात्र काटेकोरपणे पाळावी. चिकित्सालयातील सहायक, औषधे कुटणारा कामगार, झाडलोट करणाऱ्या मावशी यांची दिवाळी हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्या बोनसमधून वा कापडचोपडातून वृक्षसंवर्धन करू नये. जे आपण परस्परांत केवळ शिष्टाचार म्हणून फिरवतो, तेवढ्यालाच हात घालावा.

देणगी कोणास द्यावी, याचाही विचार हवा. पावसाळ्यात रोपे लावून छायाचित्रे काढणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांपैकी किती जगली, रोपे स्थानिक बीजांची होती काय, असलेले अरण्य राखण्यावर किती खर्च होतो, हे प्रश्न विचारावेत. नवी लागवड करण्यापेक्षा आहे ते जागच्या जागी राखणे बहुधा अधिक फलदायी असते. १९९३ पासून कर्नाटक, केरळ व तमिळनाडूत वनखात्यांच्या साहाय्याने औषधी वनस्पतींची राखीव क्षेत्रे याच तत्त्वावर उभारली गेली. महाराष्ट्राला तर देवरायांचा वारसा आहे, वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल दाखवून दिले. आपल्या तालुक्यातील एखादी देवराई राखणाऱ्या ग्रामस्थांना कुंपणासाठी वा राखणदाराच्या वेतनासाठी दिलेली रक्कम लहान असली, तरी वाया जाणार नाही. पावती मात्र अवश्य घ्यावी.

आरंभ आपल्या संघटनेपासूनच व्हावा. येत्या धन्वंतरी जयंतीच्या कार्यक्रमात वक्त्यांना श्रीफळ जरूर द्यावे. शाल आणि स्मृतिचिन्ह यांचा खर्च त्यांच्या संमतीने व त्यांच्या नावे एका देवराईला द्यावा. औषधनिर्मात्यांनाही शाखांनी पत्राने कळवावे, की आमच्या नावचा डबा नको. ज्या द्रव्यावर आपला कारखाना चालतो त्याच्या संवर्धनाची पावती पाठवा. ज्या वृक्षांच्या सालीवर आणि मुळांवर आपली उपजीविका चालते, त्यांचे ऋण वर्षातून एकदा तरी फेडणे हा उपकार नव्हे. ते आपले देणेच आहे.