पक्षी जवळून नको, नीट पाहा

निफाड तालुक्यातले नांदूरमधमेश्वर हे काही आपसूक झालेले पाणथळ नव्हे. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी दगडी बंधारा बांधला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणकणीस माजले, गाळाची बेटे वर आली आणि पक्षी येऊ लागले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ, म्हणून जाहीर झाले. तिथे लोकांनी जायलाच हवे. ज्या तळ्याकडे कोणी फिरकत नाही, त्यात भराव पडला तरी कोणी हळहळत नाही. पण पक्षी किती जवळून टिपला, यावर त्या भेटीचे मोल ठरवणे आता थांबले पाहिजे.

थापट्या बदक चरताना पाहावे. फावड्यासारखी चोच पाण्यावर टेकवून, मान आडवी ठेवून ते संथ पुढे सरकते. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांतून पाणी निथळते, बिया आणि बारीक जीव आत राहतात. अशा कणाकणाने जमवलेल्या चरबीवर त्याला हिवाळा सरताच उत्तरेची लांबची वाट धरायची असते. पट्टकादंब हंसाला तर हिमालय ओलांडायचा असतो. काठावरून कोणी पुढे सरकले, की आधी चरणे थांबते, माना ताठ होतात, मग थवा आत सरकतो. उडतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून ‘उडाले नाहीत, म्हणजे त्रास झाला नाही’ हा समज चुकीचा आहे. तोवर त्यांचे खाणे बुडालेले असते.

यावर कोणी म्हणेल, कोळी आणि शेतकरी रोज तिथेच वावरतात, मग पाहुण्यांनीच काय घोडे मारले? त्यांचा वावर रोजचा, ठरलेल्या वाटेचा असतो, आणि ते पक्ष्यांवर नजर रोखून चालत नाहीत. कॅमेरा धरून दबकत येणारा माणूस मात्र पक्ष्याला शिकाऱ्यासारखाच दिसतो. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. इतक्या लांबून मुलांना गोडी कशी लागणार? ती लागते, पण सोबत जाणता माणूस हवा. तिवईवरच्या दुर्बिणीतून थापट्याची चोच दिसते आणि गावातला वाटाड्या ती कशासाठी हे सांगतो, तेव्हा पोर नजर हटवत नाही. त्या वाटाड्याला मिळणारे पैसे गावातच राहतात, आणि पुढच्या हिवाळ्यात पक्षी परतावेत ही त्याचीही गरज होते. म्हणून वन विभागाने निरीक्षण मनोऱ्यांवर चांगल्या दुर्बिणी कायमच्या बसवाव्यात, शाळांच्या सहलींना वाटाड्या सक्तीचा करावा आणि काठाच्या चिखलात उतरणाऱ्या पायवाटा पाहुण्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च बंद ठेवाव्यात.