पडद्यामागची मजुरी

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. तेथून पुढे धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा मुलूख पसरत जातो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील हीच ती झाडीपट्टी. दिवाळीनंतर मंडई भरू लागली, की दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारे नाटक येथील गावे जागवतात. होळीपर्यंत हा हंगाम चालतो.

या रंगभूमीचे अर्थकारण नीट समजून घेतले पाहिजे. गावातील मंडळ कंपनी ठरवते, मंडप उभारते व तिकिटे विकते. शासकीय अनुदानाची वाट न पाहता शेतकरी-शेतमजुरांच्या पैशांवर उभी राहिलेली ही रंगभूमी आहे. तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण जोखीम कोणाच्या माथी पडते, हेही विचारावे. कलावंताचे मानधन प्रयोगागणिक ठरते. प्रयोग रद्द झाला की मजुरी बुडते. २०२० साली करोनाची साथ आली आणि हंगाम कोलमडला, तेव्हा ज्यांचे पोट रात्रीच्या प्रयोगावर होते, त्यांच्यापाशी ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना विमा.

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान यथोचितच होता. परंतु एका कलावंताच्या गौरवाने शेकडो कलावंतांच्या जीविकेचा प्रश्न सुटत नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्यशासनाची मानधन योजना आहे. उमेदीच्या वयात रात्री-अपरात्री गावोगाव प्रवास करणाऱ्या नटीला, वादकाला, पडदे ओढणाऱ्याला मात्र संरक्षण कोणते? असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा २००८ साली झाला. त्याचा लाभ या मंडपापर्यंत पोहोचला नाही.

दोष केवळ शासनाचा नाही. नाटक म्हणजे करमणूक आणि करमणूक म्हणजे श्रम नव्हे, ही समजूत श्रमिकांच्या चळवळीतही रुजलेली आहे. बिडी कामगार संघटित करताना जी दृष्टी ठेवली, ती रंगमंचाकडे पाहताना का हरवावी? लेखी करार, रद्द प्रयोगाची किमान भरपाई, अपघात विमा आणि कलावंतांची कामगार म्हणून नोंदणी, या मागण्या अवाजवी नाहीत. कंपनीचालक व गावमंडळे यांनाही या चर्चेत सामील करून घेतले पाहिजे, कारण तोट्याचा फटका त्यांनाही बसतो.

कार्यकर्त्यांनी मंडईत जावे, नाटक पाहावे आणि पहाटे पडदा पडल्यावर मंडपामागेही जावे. संघटनेचे काम तेथूनच सुरू होईल.