स्कॅन झाला, तज्ज्ञापर्यंत पोहोचला कधी?

ग्रामीण भागातले सीटी स्कॅन शहरातल्या तज्ज्ञाकडे पाठवून अहवाल मागवण्याची पद्धत आता रुळते आहे. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यापासून रुग्णालये जोडण्यावर भरही आहे. पण चर्चा 'लाइन किती एमबीपीएसची?' एवढ्यावरच थांबते.

हिशेब करून पाहा. सीटीची एक प्रतिमा साधारण अर्धा एमबीची. ५०० प्रतिमांचा स्कॅन २५० एमबीचा. एक बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून १० एमबीपीएसच्या लाइनवर किमान २०० सेकंद. प्रत्येक प्रतिमेची पोच मिळेपर्यंत ५० मिलिसेकंद थांबावे लागले, तर आणखी २५ सेकंद. शिवाय जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. स्कॅन पाठवायला अपलोड लागतो आणि तो बराच कमी असू शकतो.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली, तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही स्कॅन पाहूनच.

उपाय महाग नाहीत. तपशील न गमावता प्रतिमा आकसून पाठवल्या, तर आकार निम्म्याच्या आसपास येतो. पक्षाघाताचा स्कॅन रांगेत पुढे घ्यावा. लाइन तुटली, तर पाठवणे तिथूनच पुढे सुरू व्हावे. कंत्राटात नुसते एमबीपीएस न लिहिता, यंत्रापासून तज्ज्ञाच्या पडद्यापर्यंत किती मिनिटांत स्कॅन पोहोचावा हे लिहावे आणि ती मिनिटे दरमहा तपासावीत.