पाच धावांचा जमाखर्च

व्यापारी घरात आकड्यांची भाषा लवकर कळते, म्हणून आरंभ आकड्यांनीच करणे बरे. ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत बापू नाडकर्णी यांच्या नावापुढे ही नोंद झाली. त्यांतील २१ षटके सलग निर्धाव होती. लागोपाठ १३१ चेंडूंवर फलंदाजांना एकही धाव काढता आली नाही. गल्ल्यावर इतकी कडक नजर ठेवणारा मुनीम पेढीला क्वचितच लाभतो.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकचा. आज गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, सकाळी सराव करणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. महाविद्यालयीन वयात ते पुणे विद्यापीठाकडून १९५०-५१ च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत खेळले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या रणजी संघात आले. पुढे ते मुंबईकडून खेळले. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी ४१ कसोटी सामन्यांत ८८ बळी मिळवले, तेही षटकामागे अवघ्या १.६७ धावा देऊन.

ही काटकसर उपजत नव्हती. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर एक नाणे ठेवायचे आणि त्याच नाण्यावर चेंडूचा टप्पा पडेपर्यंत गोलंदाजी करीत राहायचे, हा त्यांचा क्रम प्रसिद्ध आहे. पैशावर नजर ठेवण्याचा याहून निर्मळ प्रकार सापडणे कठीण!

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मद्रासच्या त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही, सामना अनिर्णित राहिला आणि त्या मालिकेतील पाचही सामन्यांचा शेवट तसाच झाला. खर्च वाचला, पण नफाही झाला नाही, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी चूक ठरणार नाही. अशा गोलंदाजीने खेळ कंटाळवाणा होतो, हा आक्षेप त्या काळीही होताच. तथापि त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा याच माणसाने पहिल्या डावात नाबाद ५२ आणि दुसऱ्या डावात नाबाद १२२ धावा करून सामना वाचवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६ बळी घेतले. भारत तो सामना हरला, ही गोष्ट वेगळी. केवळ बचाव करणारा म्हणून त्यांची जी ओळख उरली, ती अपुरी आहे.

महाविद्यालयात खेळणाऱ्या मुलाचा बाप मनात एकच प्रश्न घोळवीत असतो: मैदान सुटल्यावर पुढे काय? दुकानाच्या गादीवर बसताना ती वर्षे वाया गेली असे तर होणार नाही? नाडकर्णींच्या बाबतीत खेळ थांबला तो १९६७-६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यानंतर. त्यांचे खेळातले काम मात्र थांबले नाही. ते राष्ट्रीय निवड समितीवर आले आणि भारतीय संघाबरोबर साहाय्यक व्यवस्थापक म्हणून दौऱ्यांवर गेले. संघाला वेगळा प्रशिक्षक देण्याची पद्धत तेव्हा नव्हती. सामान, प्रवास, भत्ते हे व्यवस्थापकाने पाहावे आणि खेळातले शहाणपण अशा साहाय्यकाने पुरवावे, अशी विभागणी असे. सुनील गावसकर कर्णधार असताना १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर नाडकर्णी याच भूमिकेत होते.

तो दौरा सोपा नव्हता. मेलबर्नला पायचीत दिल्याच्या रागात गावसकर जोडीदार चेतन चौहान यांना घेऊन मैदान सोडू लागले. व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी यांनी सीमारेषेवर चौहान यांना परत पाठवले, म्हणून सामना हातचा गेला नाही. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला, भारत ५९ धावांनी जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली. क्षणाचा संताप किती महाग पडला असता, हे उधारी वसूल करणाऱ्या प्रत्येकाला समजेल.

नाडकर्णींचा अधिकार मोठ्या आवाजाचा नव्हता. फलंदाजाला चेंडू लागो वा धावा होईनात, ‘छोडो मत’ एवढेच ते सांगत, अशी आठवण गावसकरांनी त्यांच्या निधनानंतर जागवली. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले. सलग २१ निर्धाव षटकांची ती नोंद कसोटीच्या वहीत आजही कोणी खोडलेली नाही.