चाकांवरचे घर, गावावरचा भार

निवास आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन निसर्गरम्य बेटे पालथी घालण्याची न्यूझीलंडमधील प्रथा जगप्रसिद्ध आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. ते स्वागतार्हच आहे. तथापि त्या द्वीपराष्ट्राचा अनुभव ध्यानी घेणे अगत्याचे ठरेल. असा प्रवासी हॉटेलचे भाडे वाचवितो. त्याचा कचरा आणि सांडपाणी मात्र मुक्कामाच्या गावाला निस्तरावे लागते. म्हणूनच तेथे २०११ च्या कायद्याने मुक्कामाच्या जागांचे नियमन करण्याचे आणि दंड आकारण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले. २०२३ मध्ये ‘स्वयंपूर्ण’ म्हणून प्रमाणित व्हावयाच्या गाडीत पक्के बसविलेले शौचालयही अनिवार्य झाले.

नागपूरहून रामटेकचा खिंडसी तलाव, पेंच वा ताडोबा येथे जाणाऱ्या अशा गाड्या उद्या वाढल्या, तर भर उन्हाळ्यात त्यांच्या टाक्या कोणाच्या विहिरीवर भरणार? मैला कोठे रिता होणार? त्याची व्यवस्था आधी आणि गाड्या नंतर, हाच क्रम असावा. मुक्कामाचे शुल्कही थेट ग्रामपंचायतीच्या तिजोरीत पडावे. लाभ प्रवाशाचा आणि खर्च गावाचा, हा व्यवहार अर्थशास्त्रात बसत नाही आणि न्यायातही नाही.