व्यायाम आणि आहार: जोडी जमली, तरच फिटनेस

सोमवारपासून जिम आणि सोमवारपासूनच पोळी-भात बंद! फिट होण्याचा निश्चय बऱ्याच घरांत असाच सुरू होतो. पहिला आठवडा जोशात जातो. दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखतं, चिडचिड होते. तिसऱ्या आठवड्यात ट्रॅकपॅण्ट पुन्हा कपाटात! दोष इच्छाशक्तीचा नसतो. शरीराचं काम वाढवलं आणि त्याच दिवशी त्याचं खाणं तोडलं, तर ते थकणारच. अशा वेळी काट्यावरचा आकडा उतरतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून व्यायाम आणि आहार दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवा.

दोन्ही का हवं?

६० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालली, तर साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. एक मोठा समोसा खाल्ला की त्या व्याजासकट परत येतात. म्हणजे नुसतं चालून वजन उतरवणं कठीण आहे आणि नुसतं कमी खाऊन ताकद येत नाही.

आठवड्याचा व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. हे घरीही जमतं.

• आठवड्यातले ५ दिवस ३० मिनिटं भरभर चाला. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा.

• त्यातले २ दिवस चालून झाल्यावर खुर्चीवरून १० वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून १० पुशअप्स करा, पाठीवर झोपून गुडघे दुमडून १० वेळा कंबर उचला आणि २० सेकंद प्लँक करा. अशा दोन फेऱ्या करा. या दोन दिवसांमध्ये किमान एका दिवसाचं अंतर ठेवा.

• दर आठवड्याला प्रत्येक प्रकारात एक-दोन वेळा वाढवा, एकदम दुप्पट नको.

ताटात काय हवं?

पोळी-भात बंद करू नका, प्रमाण बदला. अर्धं ताट भाज्या, कोशिंबीर आणि फळांचं असू द्या. उरलेल्या अर्ध्यात धान्य आणि प्रोटीन. आयसीएमआर-एनआयएनच्या शिफारशीनुसार, निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीतून सुमारे ७ ग्रॅम, एका अंड्यातून ६, एका मोठ्या ग्लासभर दुधातून ८ आणि ३० ग्रॅम सोया चंक्समधून जवळपास १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं.

तुम्ही इंदूरला पोहे खात असा, हैदराबादला इडली किंवा दिल्लीत पराठा. नाश्ता बदलायची गरज नाही. सोबत मोड आलेली मटकी, दही किंवा अंडं घ्या.

सकाळी रिकाम्या पोटी व्यायाम करताना गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर आधी अर्धं केळं खा. व्यायामानंतर नाश्ता टाळू नका. पोटभर जेवण झालं असेल, तर व्यायामाआधी दोन तास जाऊ द्या.

आपली वाटी आधी काढा

अनेक घरांत गृहिणी सगळ्यांच्या शेवटी जेवते. तोवर उसळीतला रस्सा उरतो, दाणे संपलेले असतात. मग डाएट चार्ट कितीही चांगला असला, तरी तिच्या वाट्याला प्रोटीन येणार कुठून? म्हणून जेवण वाढण्याआधीच आपली वाटी बाजूला काढून ठेवा.

स्वतःसाठी वेगळं 'डाएट फूड' शिजवत बसू नका. दोनदा स्वयंपाक कोणाकडूनच फार दिवस होत नाही. तीच डाळ जरा घट्ट, तीच भाजी कमी तेलात करा, सगळ्यांनाच फायदा होईल. व्यायामाच्या वेळी डबे भरण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवा. तुमची ४५ मिनिटं मोकळी झाली, तरच योजना टिकेल.

प्रगती कशी मोजाल?

रोज काट्यावर उभं राहू नका, आठवड्यातून एकदा पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी उत्तम. कंबरही मोजा. भारतीय स्त्रियांमध्ये ८० सेंमी आणि पुरुषांमध्ये ९० सेंमीच्या आत ती असावी, असं मानलं जातं. जिने चढताना दम कमी लागतोय का, झोप नीट लागते का, हेही पाहा.

हे लक्षात ठेवा

मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन सुरू असेल, हृदयविकार, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल किंवा तुम्ही गर्भवती असाल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

एखादा दिवस चुकला, लग्नात दोन गुलाबजाम जास्त झाले, तर दुसऱ्या दिवशी उपवास नको. नेहमीचा नाश्ता करा आणि नेहमीच्या वेळी चालायला निघा.