'कुणाचा आहे?' विचारण्याआधी 'कसा वागतो?' हे विचारा

परवापासून गावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. बागेत बसलेली चार-पाच जोडपी, ओढणीने तोंड झाकून पळणाऱ्या पोरी, आणि मागून मोबाईल धरून 'आईबापाला माहितेय का गं?' असं ओरडणारा एक स्वयंघोषित संस्कृतिरक्षक. खाली कमेंटचा पाऊस. 'मोबाईलने वाटोळं केलं.' 'शिक्षणाच्या नावाखाली हेच धंदे.' 'दोन कानफटात द्या, सरळ होतील.'

मी गेली सोळा वर्षं कॉलेजात शिकवते. हीच पोरं माझ्या वर्गात बसतात. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

वयात आलेली मुलं प्रेमात पडणारच. तुमच्या वेळी चिठ्ठ्या होत्या, आता इन्स्टा आहे. ते थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की ते नातं बरं असेल की वाईट. आणि ते वाईट व्हावं यासाठी जे जे करता येईल ते सगळं आपण मन लावून करतोय.

कसं ते सांगते. नातं घरापासून लपवायचं, म्हणजे मैत्रिणींपासूनही लपवायचं, कारण त्यातली एखादी घरी बोलेल. मग तो मुलगा कसा वागतो हे बघणारं तिसरं माणूसच उरत नाही. तो इन्स्टाचा पासवर्ड मागतो. लोकेशन सतत चालू ठेव म्हणतो. रात्री व्हिडिओ कॉल करून 'खोलीत कोण आहे दाखव' म्हणतो. तिला वाटतं, किती काळजी करतो! असं वागणं बरं नव्हे हे तिला सांगणार कोण? विचारायचं कुणाला?

आणि ज्या दिवशी ती 'बास' म्हणते, त्या दिवशी त्याच्याकडे एक हुकमी पत्ता असतो : 'तुझ्या घरी सांगीन.'

या तीन शब्दांत एवढी ताकद आली कुठून? ती आपण दिलीय. एका मुलीच्या दंडावर वळ होते. मी विचारलं तर म्हणाली, 'मॅडम, घरी नका सांगू. कॉलेज बंद करतील आणि दोन महिन्यांत लग्न लावतील.' मारणारा एक होता, पण तिला त्याच्यापेक्षा घराची भीती जास्त होती. संस्कार संस्कार म्हणतो ते हेच असतील, तर त्यांचा फायदा कुणाला होतो? मारणाऱ्याला.

आठवतंय का, 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आलं. सगळा महाराष्ट्र हादरला. आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयाने मुलींना शपथ दिली, की आम्ही प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. जाळणारा पुरुष, जळाली बाई, आणि शपथ कुणाला? पोरींना! तेव्हाही काही जणांनी विचारलं होतं, की मुलांना शपथ का नाही? उत्तर अजून यायचंय.

वर पेपरात मथळे येतात, 'एकतर्फी प्रेमातून हल्ला'. प्रेमातून कोयता निघत नाही हो. ज्याला आयुष्यात 'नाही' ऐकायची कधी सवयच लागली नाही, त्याच्या माजातून निघतो. पण आपल्या पोरांची भाषा ऐका. पोरगी 'पटवली', 'फिरवली', 'सेटिंग लागली'. तिने नकार दिला की लगेच स्टेटस, 'धोका दिला'. नकार म्हणजे धोका कसा? ती काय त्याला बांधील होती?

मुलांचंही सोपं नाही, हेही सांगते. नोकरी नाही, शेतीवर भागत नाही, 'स्थळ येत नाही' हे रोज कानावर पडतं. ब्रेकअप झालं तर रडायला जागा नाही, मित्र दारू पाजतात आणि 'तिला सोडू नको' म्हणून भरीला घालतात. त्यांनाही कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं, की माणूस निघून जाऊ शकतो आणि त्यानंतरही आपण जगतो.

आता नेहमीचा प्रश्न येईल, 'मग काय, मोकाट सोडायचं?' नाही. मोकाट तर आत्ताच सोडलंय! 2007 मध्ये आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण मागे घेतलं, संस्कृती बुडेल म्हणून. मग पोरं शिकली कुठून? पॉर्नमधून. याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते, आणि एका खटल्यात त्यांच्या बाजूने खुद्द डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. आपण त्याही मागे गेलोय.

सरकारी खाक्याही तोच. 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसेक जोडपी पकडली. बंद खोलीतली माणसं, आणि कलम लावलं सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं! बागेत बसलं तर हाकलायचं, खोलीत बसलं तर पकडायचं. मग उरतं काय? आडरान. आणि आडरानात मुलीवर प्रसंग ओढवला, की आपणच विचारणार, 'तिथे गेलीच कशाला?'

आता जरा कडू बोलते. घरात मुलीचं प्रकरण कळल्यावर पहिला प्रश्न काय असतो? 'कुणाचा आहे? आडनाव काय?' तो तिच्याशी नीट बोलतो का, तिच्या शिक्षणाचा मान ठेवतो का, रागात हात उचलतो का, हे कुणी विचारत नाही. म्हणजे पोरगा मारकुटा असला तरी चालेल, जात चुकायला नको. सगळी काळजी तिथे येऊन थांबते. सज्ञान मुलगा-मुलगी एकमेकांना निवडत असतील तर घराच्या किंवा समाजाच्या परवानगीची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये शक्तिवाहिनीच्या निकालात स्पष्ट सांगितलंय. आपल्या बैठकीच्या खोलीपर्यंत तो निकाल अजून पोचायचाय.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

बागेतला व्हिडिओ काढणाऱ्यावर कारवाई व्हावी. आणि तुमच्या फोनमध्ये तो असेल तर पुढे पाठवू नका, डिलीट करा. त्यातल्या एखाद्या मुलीचं शिक्षण तुमच्या एका फॉरवर्डने बंद पडू शकतं.

कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती कायद्याने बंधनकारक आहे. ती फलकावर नको, प्रत्यक्षात हवी. सदस्यांची नावं मुलींना तोंडपाठ पाहिजेत.

मुलींनो, 'नाही' म्हटल्यावरही मागे फिरणं, सतत मेसेज करणं, ऑनलाइन पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लक्षात ठेवा. तातडीची मदत 112, महिला हेल्पलाइन 181.

आणि आईवडिलांनो, तुमच्याकडून एकच वाक्य हवंय. आज जेवताना सांगून टाका : 'काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबणार नाही, आधी आम्हाला सांग.' मुलग्यांच्या घरी एक वाक्य जास्तीचं : 'ती नाही म्हणाली की विषय संपला.' एवढं बोललात तर 'तुझ्या घरी सांगीन' या धमकीतली निम्मी हवा आजच जाईल. बाकीच्या निम्म्यासाठी आपण कॉलेज आणि पोलीस ठाण्याच्या दारात भांडू. मी यायला तयार आहे.